पर्शियन मांजरांतला पीकेडी: मेटिंगच्या आधी आईबापांची तपासणी करा (कोकणातल्या मांजरवाल्यांसाठी)

केवडा

किनाऱ्यावर हल्ली पर्शियन मांजरं बरीच दिसतात. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी इथे तर आहेतच, पण हर्णै-मालवणकडेही घरोघरी एखादं दिसायला लागलंय. व्हॉट्सॅपच्या ग्रुपांवर सारखं कोणी ना कोणी "मेटिंगसाठी मेल हवाय" असं टाकतं आणि खाली फोटोंची रांग लागते. डॉल फेस (नाक दिसतं असं तोंड) आहे का, सेमी पंच की पंच (अगदी चपटं तोंड), केस किती दाट, डोळे कुठल्या रंगाचे, पेपर आहेत का, लस झालीय का, सगळं विचारलं जातं. किडनीबद्दल कोणीच विचारत नाही. म्हणून हा धागा.

पर्शियन जातीत पीकेडी नावाचा आनुवंशिक आजार आहे, पॉलिसिस्टिक किडनी डिसीज. जन्मापासूनच दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या बारीक गाठी असतात. वय वाढतं तशा त्या वाढतात आणि चांगल्या पेशींची जागा खातात. पिल्लू दिसायला गुटगुटीत असतं, खेळतं, खातं, काही म्हणजे काही कळत नाही. त्रास बाहेर दिसायला लागतो तो साधारण सातव्या वर्षाच्या आसपास. कुणाला तिसऱ्या वर्षीच, कुणाला दहाव्या. तोवर त्या मांजराची दोन-चार बाळंतपणं होऊन गेलेली असतात आणि पिल्लं चार गावांत पोचलेली असतात.

आमची लोणी सहा वर्षांची आहे आणि तिला पीकेडी आहे. तिला कधी मेटिंगला दिलं नव्हतं, नसबंदीचं ऑपरेशन लहानपणीच झालं होतं. पण ज्या बोक्याची ती मुलगी, तो अजून मेटिंगला चालू आहे असं मला कळलं. म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

हा आजार काही दुर्मिळ नाही. तपासणी सुरू होण्याच्या काळात अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इथे पर्शियन मांजरांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांत ३५ ते ५० टक्के मांजरांमध्ये पीकेडी सापडला होता. म्हणजे दर दोन-तीन पर्शियनांत एक. पर्शियनपासून निघालेल्या हिमालयन आणि एक्झॉटिक शॉर्टहेअरमध्येही तो आहे, ब्रिटिश शॉर्टहेअर आणि स्कॉटिश फोल्डमध्ये थोड्या प्रमाणात.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की २००४ मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस इथल्या संशोधकांनी यामागचा नेमका बिघाड शोधून काढला. पीकेडी१ नावाच्या जनुकात एकाच अक्षराची अदलाबदल झालेली असते. तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर डीएनए तपासणी होते आणि ती कुठल्याही वयात करता येते. बाहेरच्या देशांत ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्याकडे हे प्रमाण खूप खाली आलं.

आपल्याकडे तर हे अजून सोपं आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण कोकणात मेटिंगचे बोके आहेतच किती? चिपळूणपासून बांद्यापर्यंत तेच ते चार-पाच बोके फिरत असतात. कोणी आपली मांजरी घेऊन खेडला जातं, कोणी कणकवलीला. एक बोका पीकेडीवाला असला तर दोन वर्षांत अख्ख्या किनाऱ्यावर त्याची पिल्लं. पण हेच उलटंही आहे. तेवढे चार-पाच बोके तपासले की अर्धं काम झालं.

ज्यांच्याकडे मेटिंगचा बोका किंवा मांजरी आहे त्यांनी कृपया इथे लिहा. भांडायला नाही, एकत्र तपासणी करून घ्यायला.

जुईचा वेल

फार महत्त्वाचा धागा. लोणीचं कळलं कसं? आमचा बोका पाच वर्षांचा आहे, आता धाकधूक वाटायला लागली.

केवडा

@जुईचा वेल, आधी पाणी पिणं वाढलं. लोणी आधी भांड्याला दिवसातून एखाददुसऱ्यांदा तोंड लावायची. मग ती मोरीत जाऊन नळाखालची बादली चाटायला लागली, रात्री न्हाणीघराच्या दाराशी बसून ओरडायला लागली. लिटर बॉक्समधली वाळू उपसताना लघवीचे गोळे आधी लिंबाएवढे असायचे, ते नारळाच्या वाटीएवढे निघायला लागले. उन्हाळा आहे, उकडतंय, म्हणून पीत असेल असं घरात सगळ्यांचं मत. पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. पर्शियनचे केस एवढे दाट असतात की नुसतं बघून वजन घटलेलं दिसत नाही, हात फिरवूनच कळतं.

आमच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं तेव्हाच त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी माझा हात धरून नेमका जागेवर ठेवला. मांजराचं मूत्रपिंड बोटांना गुळगुळीत लागायला हवं, लोणीचं सीताफळाच्या सालीसारखं उंचसखल लागत होतं. मग आंबा घाट चढून कोल्हापूरला सोनोग्राफी. पडद्यावर दोन्ही मूत्रपिंडांत काळे गोल, लहानमोठे, एकमेकांना चिकटून. मी मोजायचा प्रयत्न केला, डॉक्टर म्हणाले मोजून उपयोग नाही.

गुरांचा डॉक्टर

नाव गुरांचा डॉक्टर असलं तरी हल्ली माझ्याकडे गाई-म्हशींच्या रांगेत मांजरांच्या टोपल्याही असतात, म्हणून थोडं लिहितो.

नुसत्या रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं दिसतं तेव्हा मूत्रपिंडांची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद गेलेली असते. एसडीएमए नावाची तपासणी त्याआधी इशारा देते, पण ती सगळीकडे होत नाही. लघवीची घनता मात्र साध्या उपकरणावर, दवाखान्यातल्या टेबलावर, थेंबभर लघवीत कळते. निरोगी मांजराची लघवी दाट असते. घनता १.०३५ च्या खाली येत राहिली तर पुढे तपासायला हवं.

पीकेडीसाठी म्हणाल तर दोन मार्ग. सोनोग्राफी दहा महिन्यांच्या पुढे केली तर जवळपास खात्रीची. चार महिन्यांच्या पिल्लाची केली तर चारातलं एखादं सुटू शकतं, कारण गाठी अजून बारीक असतात. आणि बघणाऱ्याला मांजराच्या पोटाचा सराव हवा. डीएनए तपासणीला वयाची अट नाही. पण डीएनए फक्त हो किंवा नाही सांगतो, मूत्रपिंडं आज कितपत खराब आहेत ते सांगत नाही. ते सोनोग्राफी आणि रक्त-लघवीवरूनच. म्हणजे मेटिंगचा निर्णय घ्यायचा तर डीएनए, मांजर आजारी असेल तर बाकीचं.

अजून एक. मूत्रपिंडाच्या आजारात मांजरांचं ब्लड प्रेशर वाढतं. ते चढून डोळ्यातला पडदा सुटतो आणि मांजर एका रात्रीत आंधळं होतं. लोक "डोळ्याला काहीतरी झालं" म्हणून घेऊन येतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, भिंतीला धडकतंय असं दिसलं तर त्याच दिवशी या. अॅम्लोडिपिन हे प्रेशरचं औषध माणसांत वापरतात तेच मांजरांतही चालतं, पण डोस अगदी वेगळा असतो, स्वतःच्या डब्यातली गोळी मोडून देऊ नका.

खाडीकाठ

मी मेटिंगसाठी बोका ठेवतो, दोन माद्याही आहेत. रत्नागिरी तालुक्यातच. सरळ बोलतो.

माझा बोका आठ वर्षांचा आहे आणि ठणठणीत आहे. त्याचे पेपर आहेत, तीन पिढ्यांची नावं आहेत. आजार असता तर एव्हाना दिसला नसता का? आणि तपासणीत काही निघालं तर मी काय करायचं? ज्यांना पिल्लं दिली ते लोक माझ्या दारात येणार. इथे सगळे ओळखीचे. मी काही दुकान मांडून बसलेलो नाही, मांजरं आवडतात म्हणून करतो.

आंबेमोहर

@खाडीकाठ, तुमची अडचण खरी आहे, उगाच बोलत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करू.

पेपर म्हणजे वंशावळ. कुणाचा कोण हे त्यावर कळतं. तब्येतीचं त्यावर काहीच नसतं. पीकेडी तर पेपरवाल्या मांजरांतूनच पिढ्यानपिढ्या आला.

दुसरं, आठ वर्षांचा बोका ठणठणीत असणं हा पुरावा नाही. काही मांजरांत गाठी थोड्या असतात, हळू वाढतात, ती म्हातारी होईपर्यंत टिकतात. पण पिल्लाकडे बिघडलेलं जनुक जातं ते तेवढंच. बापाच्या गाठी कमी म्हणून लेकरांच्या कमी, असं होत नाही. त्याच्या मुलीला चौथ्या वर्षी त्रास सुरू होऊ शकतो.

हिशोब असा आहे. हा बिघाड प्रबळ आहे, एकच प्रत पुरते. बोका पीकेडीवाला आणि मांजरी निरोगी असेल तर प्रत्येक पिल्लाला निम्मी शक्यता. दोघंही पीकेडीवाले असतील तर ज्या गर्भांना दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत मिळते ते पोटातच जातात, म्हणून वेत लहान होतं, आणि जी जन्मतात त्यांतली तीनातली दोन पीकेडीवाली. दोघंही निगेटिव्ह असतील तर? शून्य. लपून राहून नातवंडांत उगवणारा हा आजार नाही. निगेटिव्ह जोडीच्या पिल्लांत तो येतच नाही. सगळे आनुवंशिक आजार इतके सरळ नसतात, याबाबतीत आपलं नशीब आहे.

खर्चाचं म्हणाल तर एक पिल्लू ज्या किमतीला जातं तेवढ्यात आईबाप दोघांची तपासणी होऊन जाते. आणि ती आयुष्यात एकदाच करायची.

दर्यावर्दी

माका ह्या सगळा वाचून एकच वाटता. आमच्या घरात आज्येच्या वेळेपासून गावठी माजरां. बंदरार जावन बांगड्याची डोकी खाल्ली, पडवेत झोपली, पंधरा वर्सां जगली. कोणी तेंची किडनी बघूक नाय. ह्या परदेशी माजरांका आपलो उकाडो सोसणत नाय, मीठ सोसणत नाय. कित्याक हाडायची?

गुरांचा डॉक्टर

@दर्यावर्दी, तुमचं अर्धं बरोबर आहे. पीकेडीचा हा बिघाड गावठी मांजरांत क्वचित सापडतो, तेवढा त्यांचा फायदा आहेच. पण म्हातारपणी मूत्रपिंडं जाणं गावठी मांजरांतही भरपूर आहे. ती पडवीच्या कोपऱ्यात किंवा माडाखाली जाऊन बसतात आणि आपण म्हणतो वय झालं होतं. तपासलं नाही म्हणून आजार नव्हता असं नाही.

माशाबद्दल लिहायलाच हवं. ताजा मासा उकडून, काटे काढून, कधीमधी द्या, हरकत नाही. पण सुकट, सोडे, खारा बांगडा हे किडनीवाल्या मांजराला अजिबात नको. मीठ तर आहेच, शिवाय काट्याकवचांसकट वाळवलेल्या मासळीत फॉस्फरस भरपूर असतो आणि या आजारात फॉस्फरसच जास्त नडतो. किडनीवाल्या मांजरांचं वेगळं खाद्य मिळतं, फॉस्फरस कमी असलेलं. ते महाग आहे, पण मांजराचं आयुष्य आणि त्या आयुष्याचा दर्जा त्याने खरोखर वाढतो. मांजर खाईना तर हट्ट करू नका, हळूहळू जुन्या खाण्यात मिसळा. उपाशी राहिलेलं मांजर दोन-तीन दिवसांत यकृताच्या दुखण्यात जातं, ते वेगळंच संकट.

आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. कुठल्याच मांजराला, कधीच. एक गोळी जीव घेते. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही.

पोफळी

विषय पीकेडीचा आहे, पण पंच फेसबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा जे पर्शियन होते त्यांना चांगलं लांब नाक होतं. जुनी चित्रं बघा. हे चपटं तोंड नंतर माणसांनी निवडून निवडून केलंय. (आणि गंमत म्हणजे जनुकीय अभ्यासात आजचे पर्शियन इराणच्या नाही, पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळचे निघाले.)

माझी बहीण गुहागरला असते, तिच्याकडे पंच फेस आहे. अश्रू नाकात उतरायची नळी दुमडलेली, म्हणून डोळ्यांतून सतत पाणी. ते गालावर वाळून तपकिरी खपली धरते, तिथे कातडी लाल होते. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात कापूस बुडवून पुसायचं. एका डोळ्याच्या बुबुळावर काळा डाग आला होता, तो शस्त्रक्रियेने काढावा लागला. जबडा इतका आखूड की दात वाकडे, खाणं तोंडातून सांडतं. मे महिन्यात दुपारी तोंड उघडून धापा टाकते. मांजर धापा टाकायला लागलं म्हणजे ती गंभीर गोष्ट आहे, कुत्र्यासारखं ते रोजचं नाही. आणि वीज गेली की सगळं घर तिला पंख्याने वारा घालत बसतं.

मादी पंच फेस असेल तर पिल्लांची मोठी गोल डोकी अडतात, सिझेरियन करावं लागतं. रात्री दोन वाजता गुहागरहून कुठे नेणार? ज्यांना पर्शियन हवाच असेल त्यांनी डॉल फेस घ्या. नाक दिसतं असं तोंड बघा. मागणी बदलली की मेटिंगवालेही बदलतील.

जुईचा वेल

पोफळी, पूर्ण अनुमोदन. आणि नायट्याचंही लिहा कोणीतरी. आमच्या बोक्याला पावसाळ्यात झाला, मग माझ्या मुलीच्या हातावर गोल चट्टा, मग माझ्या मानेवर.

गुरांचा डॉक्टर

नायटा म्हणजे बुरशी, मायक्रोस्पोरम कॅनिस. पर्शियनांत ती जास्त चिवट असते. लांब केस, दमट हवा आणि मांजर स्वतःला नीट चाटून साफ करू शकत नाही म्हणून. पावसाळ्यात मांजराला ओलं ठेवू नका, आंघोळ घातली तर मुळापर्यंत वाळवा. एकाला झालं तर घरातल्या सगळ्या मांजरांवर उपचार करायचे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवायचं. माणसांच्या मलमाने मांजराचं भागत नाही, ते चाटून पोटात जातं.

मुंबईतला मालवणी

बाकीच्या जातीवाल्यांसाठी थोडक्यात. मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आहे, एचसीएम. त्याचा एक जनुकीय बिघाड २००५ मध्ये सापडला, रॅगडॉलमधला २००७ मध्ये. त्यांच्यासाठीही डीएनए तपासणी आहे. पण ती निगेटिव्ह आली म्हणजे मांजर कायमचं सुटलं असं नाही, कारण हृदयाचा हा आजार दुसऱ्या कारणांनीही होतो. मेटिंगच्या जनावराचा इको (हृदयाची सोनोग्राफी) अधूनमधून करावा लागतो. पर्शियनांतही एचसीएम होतो, त्यासाठी मात्र जनुकाची तपासणी नाही.

स्कॉटिश फोल्डबद्दल कळकळीने सांगतो, घेऊच नका. ज्या बिघाडाने कान दुमडतात तोच बिघाड सगळ्या शरीराच्या कूर्चेत असतो. ते मांजर "बुद्धासारखं" बसतं म्हणून लोक व्हिडिओ टाकतात. बरेचदा त्याचे पाय दुखत असतात म्हणून ते तसं बसलेलं असतं. तिथे निगेटिव्ह जोडी शोधण्याचा प्रश्नच येत नाही, दुमडलेला कान हाच आजार.

सुरंगी

पर्शियनांत अंधत्वाचाही एक आनुवंशिक आजार आहे ना? माझ्या मावशीच्या वेतातली दोन पिल्लं चार महिन्यांची व्हायच्या आत आंधळी झाली.

आंबेमोहर

हो, पीआरए. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी झिजतात, साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत दिसणं जवळजवळ बंद. हा पीकेडीच्या उलट चालतो. अप्रबळ आहे, दोन्ही बाजूंनी प्रत आली तरच होतो. आईबाप दोघांना काही त्रास नसतो, दोघं फक्त वाहक असतात. म्हणजे एक बोका सगळीकडे वापरला आणि त्याच्याच मुलीला पुन्हा त्याच्याकडे नेलं की असे आजार वर येतात. केवडाने लिहिलेला चार-पाच बोक्यांचा मुद्दा इथे जास्तच लागू होतो. मावशींना सांगा, ती जोडी पुन्हा लावू नका. आणि आंधळी पिल्लं घरात छान जगतात, फक्त सामान हलवू नका आणि विहिरीच्या कठड्यापासून जपा.

केवडा

मधे बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते की पीकेडीवालं मांजर असेल तर घरी काय करायचं, म्हणून इथेच लिहिते.

बरा करणारा उपाय नाही. पण दिवस चांगले जावेत म्हणून पुष्कळ करता येतं. लोणीला ओलं खाणं देते, कोरड्या दाण्यांवर वरून कोमट पाणी. घरात पाण्याची भांडी ठिकठिकाणी, रुंद तोंडाची, मिशा कडेला लागणार नाहीत अशी. विहिरीचं ताजं पाणी ती आवडीने पिते, फिल्टरचं तसंच राहतं.

डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे घरी कातडीखाली सलाईन देते. पहिल्यांदा हात थरथरतात, मग सवय होते. रिंगर लॅक्टेटची बाटली आधी कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवायची, थंडगार पाणी आत गेलं तर मांजर शहारतं. बाटली खुंटीला उंच टांगायची. तिला मांडीवर पंच्यात गुंडाळून, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते, तिथे सुई. दुसऱ्या बाजूने केस ओले झाले तर सुई आरपार गेली समजायचं. पाण्याचा फुगवटा होतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो, घाबरायचं नाही, काही तासांत शोषला जातो. दर वेळी सुई नवी. किती मिली आणि किती दिवसांनी हे मात्र ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. हृदय कमजोर असेल तर हेच पाणी छातीत भरतं.

लोणी आता पुन्हा खिडकीत चढते. पक्ष्यांकडे बघून दात वाजवते. तिचा आजार थांबलेला नाही हे मला माहीत आहे.

खाडीकाठ

चार दिवस हा धागा पुन्हा पुन्हा वाचला. केवडाताई, तुमच्या लोणीचा बाप माझाच बोका तर नाही ना, हे विचारायची हिंमत होत नव्हती. व्यनित विचारलं, तो दुसरा निघाला. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही. तिघांचीही तपासणी करतोय. स्वॅब कसा घ्यायचा ते कोणी नीट सांगेल का?

गुरांचा डॉक्टर

मनापासून बरं वाटलं वाचून. प्रयोगशाळेकडून किट मागवा, खासगी प्रयोगशाळा कुरिअरने पाठवतात. घ्यायच्या आधी थोडा वेळ मांजराला खायला देऊ नका. पिल्लाचा घेत असाल तर आईचं दूध पिऊन लगेच नको, आईच्या पेशी मिसळतात. गाल आणि हिरडी यांच्या मधे काडी घालून हलकी गोल फिरवत घासायची, लाळ नको, पेशी हव्यात. कापसाला बोट लावू नका. उघड्यावर सावलीत पूर्ण वाळवा, मगच कागदी पाकिटात घाला. आपल्या हवेत हेच चुकतं, ओली काडी प्लास्टिकच्या पिशवीत गेली की बुरशी येते आणि नमुना वाया जातो. प्रत्येक मांजरासाठी हात धुवा आणि पाकिटावर आधी नाव लिहा.

जमलं तर माझ्याकडे घेऊन या, रक्तावरही होते तपासणी.

पोफळी

खाडीकाठ, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत याचं मोल फार आहे. निकाल काहीही आला तरी माझी बहीण पुढचं पिल्लू घेईल ते तपासलेल्या जोडीचंच.

खाडीकाठ

रिपोर्ट आले. बोका निगेटिव्ह. धाकटी मादी निगेटिव्ह. थोरली पॉझिटिव्ह.

थोरलीची दोन वेतं झाली आहेत. पिल्लं देवरूख, लांजा, कणकवली आणि एक पनवेलला. सगळ्यांना फोन केले. दोघांनी आधीच ऑपरेशन करून घेतलं होतं. लांज्याच्या घरी पुढच्या महिन्यात मेटिंग ठरलं होतं, ते त्यांनी थांबवलं. त्या पिल्लाच्या तपासणीचा खर्च मी देतोय. कणकवलीवाले थोडे चिडले, ते मला समजतं. कोणीही दारात येऊन भांडलं नाही.

थोरली आमच्याकडेच राहणार. सध्या चार वर्षांची आहे, तब्येत चांगली. तिचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. भूल द्यायला काही धोका आहे का डॉक्टर?

आंबेमोहर

एक शंका दूर करतो, कारण हे वाचून काही जण घाबरतील. थोरलीची जी पिल्लं तपासणीत निगेटिव्ह येतील ती पूर्ण निगेटिव्ह आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीत तिच्याकडून हा आजार जाणार नाही. आई पॉझिटिव्ह म्हणून त्यांना कोणी नाकारू नये. परदेशात जिथे प्रमाण फार होतं तिथे जातीतली विविधता एकदम घटू नये म्हणून चांगल्या पॉझिटिव्ह मांजराचं एखादं मेटिंग निगेटिव्हशी करून फक्त निगेटिव्ह पिल्लं पुढे नेण्याचा सल्लाही दिला गेला. आपल्याला घरगुती पातळीवर त्या वाटेने जायची गरज नाही, ऑपरेशनच योग्य.

गुरांचा डॉक्टर

@खाडीकाठ, चार वर्षांची आणि धडधाकट असेल तर ऑपरेशन होऊ शकतं. आधी क्रिएटिनिन, युरिया, लघवीची घनता आणि जमल्यास ब्लड प्रेशर बघून घ्या. एक सोनोग्राफी करा, पुढच्या वर्षीशी ताडून बघायला कामाला येईल. भूल देण्याच्या काळात शिरेतून सलाईन चालू ठेवायला सांगा, प्रेशर पडलं की मूत्रपिंडांना फटका बसतो. पाणी आदल्या रात्री बंद करू नका, फक्त खाणं. आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना पीकेडी आहे हे आधीच सांगा, म्हणजे नंतरचं वेदनाशामक ते जपून निवडतील. मेलोक्सिकॅम सवयीने दिलं जातं, ते हिच्यात विचार करूनच. ऑपरेशन शक्यतो सकाळचं घ्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती नजरेखाली राहील आणि लघवी झाली की नाही ते बघूनच घरी नेता येईल.

केवडा

खाडीकाठ, थोरलीला घेऊन जाल त्या दिवशी सांगा, मी येईन सोबत. धाग्याच्या पहिल्या पोस्टखाली तपासलेल्या बोक्यांची आणि माद्यांची यादी सुरू करते आहे. नाव, गाव, तपासणीचं वर्ष आणि निकाल, मालकांनी परवानगी दिली तरच. पहिली तीन नावं तुमची घालू का? चिपळूण आणि कुडाळच्या दोन बोकेवाल्यांचे काल व्यनि आले आहेत, त्यांना किट कुठून मागवलं तेवढं कळवा.